मराठी अर्जातला नावाचा रकाना: सगळ्यांसाठी एकच घटक ठरवूया

शिरोरेघ

शासकीय सेवांचे अर्ज डिझाइन करणारे आपण सगळे वेगवेगळ्या विभागांत, वेगवेगळ्या कंत्राटांवर बसलेलो आहोत आणि प्रत्येक जण नावाचा रकाना नव्याने घडवतो. उत्पन्नाचा दाखला असो, शिष्यवृत्ती असो की नळजोडणी, अर्ज नावापासूनच सुरू होतो आणि दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या अर्जांत नावाचा घोळ हमखास असतो. दाखल्यावर डिजिटल सही झाली की त्यातली वेलांटीसुद्धा बदलता येत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा मुदत. हे शाळा-कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत घडलं तर त्या मुलाचं वर्ष पणाला लागतं.

म्हणून या धाग्यात फक्त नावाचा घटक, म्हणजे कुठल्याही अर्जात जसाच्या तसा उचलून वापरता येईल असा तयार भाग. पत्ता, जन्मतारीख आणि कागदपत्रं जोडणं यांचे धागे वेगळे काढू. चर्चेसाठी माझा मसुदा असा:

१. मराठी नाव आणि इंग्रजी नाव हे दोन स्वतंत्र रकाने. एकावरून दुसरं आपोआप भरायचं नाही. लिप्यंतर हवंच असेल तर शेजारी "मराठीत सुचवा" असं बटण, आणि अर्जदाराने मराठी रकान्याला एकदा हात लावला की यंत्राने त्याला पुन्हा शिवायचं नाही.

२. दोन्ही भाषांत पूर्ण नावाला एकच लांब रकाना. खाली मदतीची ओळ: "आधार कार्डावर जसं छापलंय तसंच लिहा."

३. अर्ज पाठवण्याआधी शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत: "दाखल्यावर तुमचं नाव असं छापलं जाईल", आणि शेजारी "नाव बदला" हा दुवा.

पहिल्या मुद्द्याचं कारण सांगते. लिप्यंतर करणाऱ्या यंत्राला इंग्रजी स्पेलिंगवरून पाटील की पाटिल, कमल की कमाल, साठे की साथे हे कळण्याची सोय नाही. त्यातून बऱ्याच ठिकाणी ते रकाना सोडताक्षणी चालतं. अर्जदार मराठी नाव दुरुस्त करतो, मग इंग्रजीतली एखादी चूक दिसते, ती सुधारून पुढे जातो आणि मागे मराठी नाव गुपचूप पुन्हा बिघडतं. छापील दाखला हातात येईपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मतभेद होतील याची कल्पना आहे. कारणांसह लिहा.

भीमथडी

मुद्दा १ आणि ३ शंभर टक्के मान्य. २ नाही.

टेबलावर काय होतं ते बघा. अर्ज तपासणारा कारकून नाव दोन-तीन कागदांशी ताडतो. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे तुकडे तीन रकान्यांत वेगळे असतील तर तो झरझर जुळवतो, सलग ओळ असेल तर पहिला शब्द नाव की आडनाव इथपासून सुरुवात. याद्या आडनावाने लावायच्या असतात, तेही तुकड्यांशिवाय होत नाही.

शिवाय २०२४ चा शासन निर्णय विसरू नका. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव याच क्रमाने लिहायचं आहे. आधी जन्मलेल्यांना हा क्रम लागू नाही. विवाहित स्त्रियांसाठी तिचं नाव, पतीचं नाव, आडनाव ही चालत आलेली पद्धत कायम आहे आणि अनाथ मुलांना सूट आहे. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावंडांची नावं तीन भागांची आणि चार भागांची असू शकतात.

यातून एक गोष्ट सरळ निघते: जन्मतारीख नावाच्या आधी विचारा. किती रकाने दाखवायचे ते तारखेवर ठरतं. नाव आधी भरून घेतलं आणि तारखेनंतर आईच्या नावाचा रकाना अचानक उगवला की लोक गोंधळतात, आणि सेवा केंद्रात अर्ज भरून देणारा ऑपरेटर तिथे आधी भरलेलंच काहीतरी पुन्हा टाकून मोकळा होतो.

हुरडा

भीमथडी, तारखेचा मुद्दा पक्का. पण तीन रकान्यांची चौकट मराठवाड्यात आणि विदर्भात रोज मोडते.

"शेख सलीम शेख करीम" असं नाव घ्या. अशी नावं इकडे सर्रास आहेत. स्वतःचं नाव सलीम, वडिलांचं करीम आणि "शेख" दोघांच्याही आधी. "पहिले नाव" या रकान्यात ऑपरेटर "शेख" लिहितो, "मधले नाव" मध्ये "सलीम शेख", "आडनाव" मध्ये "करीम". दुसऱ्या केंद्रावर वेगळी फोड होते आणि मग एकच माणूस दोन योजनांत दोन माणसं ठरतो.

आडनाव नसलेली माणसं आहेत, एकाच शब्दाचं नाव असलेली आहेत. रकाना सक्तीचा ठेवला की त्यात टिंब, आडवी रेघ किंवा "लागू नाही" असं काहीतरी येतं आणि तेच दाखल्यावर छापलं जातं. "आडनाव नाही" अशी खूण करायची सोय द्या, म्हणजे रकाना निघून जाईल आणि माहितीसाठ्यात खरोखरचा रिकामा राहील.

"वडिलांचे/पतीचे नाव" हा तिरकी रेघ मारलेला रकानाही काढा. एकल आई, घटस्फोटिता, माहेरचं नाव लावणारी स्त्री या सगळ्यांना तो अडवतो. आधी नातं निवडू द्या (वडील, आई, पती, पालक), मग नाव.

शिरोरेघ

दोघांचे मुद्दे धरून मसुदा बदलते.

तुकडे जागेनुसार विचारायचे नाहीत, अर्थानुसार विचारायचे. "पहिले / मधले / शेवटचे" ऐवजी "तुमचं स्वतःचं नाव", "वडिलांचं नाव", "आडनाव किंवा घराण्याचं नाव". आणि या तुकड्यांपासून वेगळा, "दाखल्यावर छापायचं पूर्ण नाव" हा रकाना. तो तुकड्यांवरून आधीच भरून द्यावा, पण अर्जदाराला पूर्ण बदलता यावा. छपाईला फक्त तोच वापरायचा. तुकडे शोधायला, जुळवायला आणि यादी लावायला. सलीमच्या बाबतीत स्वतःचं नाव "सलीम", वडिलांचं "करीम", घराण्याचं "शेख" आणि छापायचं "शेख सलीम शेख करीम". काहीच मोडत नाही.

ज्या सेवेत तुकडे कुणी वापरतच नाही, उदाहरणार्थ खड्ड्याची तक्रार, तिथे एकच रकाना पुरे. आणि प्रत्येक तुकड्यापुढे विभागाकडून लेखी घ्या: हा तुकडा कोण, कोणत्या टप्प्यावर, कशासाठी वाचतो? उत्तर नसेल तर तो रकाना अर्जात नको. बैठकीत तोंडी विचारलं तर "असू द्या, लागेल कधीतरी" हेच ऐकायला मिळतं.

अक्षरजुळणी

रकाने ठरले. आता आत काय साठतं ते बघू, कारण डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं संगणकाला वेगळी असू शकतात. मराठीत हे तीन ठिकाणी नेहमी होतं.

पहिलं, "गोऱ्हे", "कऱ्हाडे", "बऱ्हाटे" यांतला ऱ. तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ (युनिकोड या अक्षरसंकेतातला त्याचा क्रमांक यू+०९३१) आणि हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचं चिन्ह. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही एकच, शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी एकसारख्या करायची रीत, र आणि नुक्ता (खालचं टिंब) यांची जोडी ऱ मध्ये बदलतं, पण झेडडब्ल्यूजेवालं रूप तसंच सोडतं. ते आपल्यालाच बदलावं लागतं.

इथे एक सापळा आहे. सुरक्षेच्या नावाखाली काही ठिकाणी सगळी अदृश्य चिन्हं सरसकट गाळली जातात. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या गोऱ्हेमधला जोडक गेला की उरतो र, हलन्त, ह, आणि तो रफार होऊन "गोर्हे" छापलं जातं. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे या तिघांचं ऱ-हलन्त करा, मग एनएफसी, मग उरलेली अदृश्य चिन्हं तपासा.

दुसरं, "ॲ". तो एकाच चिन्हाचा (यू+०९७२) असू शकतो, किंवा अ वर चंद्र देऊन दोन चिन्हांचा. एनएफसी या दोघांना एक मानत नाही. तिसरा प्रकार हिंदी कळफलकावरून येतो, ए वर चंद्र. "ॲलिस" नावाची मुलगी तीन प्रकारे साठवली जाते. साठवताना सगळ्यांचं यू+०९७२ करा.

तिसरं, तपासणीचे नियम. युनिकोडच्या वर्गीकरणात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही "अक्षरं" नाहीत, "चिन्हं" आहेत. "फक्त अक्षरं चालतील" असा नियम अक्षरवर्ग (एल) एवढाच धरून लिहिला की "किरण" मधली वेलांटीच नाकारली जाते. चिन्हवर्ग (एम) धरायलाच हवा. शिवाय मोकळी जागा, टिंब, जोडरेघ आणि अपॉस्ट्रॉफी. किमान तीन अक्षरांची अट तर काढूनच टाका. "ओक" हे आडनाव दोन चिन्हांचं आहे.

यात एक सीमारेषा पाळायची. वरचे बदल चिन्हांच्या साठवणीचे आहेत, शुद्धलेखनाचे नाहीत. पाटिल असं लिहिणाऱ्याचं पाटील करायचं नाही, शिन्देचं शिंदे करायचं नाही. नाव ज्याचं त्याचं. शोधण्यासाठी मात्र वेगळी, न दिसणारी "शोधचावी" तयार करा: तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ एक, श आणि ष एक, न्द आणि ंद एक, मोकळ्या जागा गाळलेल्या. जुळणी शोधचावीवर, छपाई मूळ नावावर.

तळटीप

अक्षरजुळणी, हे बदल ब्राउझरमध्ये करायचे की सर्व्हरवर? आमच्याकडे मोबाइल ॲप वेगळं आहे, वेब वेगळं.

अक्षरजुळणी

तळटीप, अंतिम बदल सर्व्हरवर, एकाच ठिकाणी. नाहीतर ॲपमधून आलेलं नाव आणि वेबवरून आलेलं नाव पुन्हा वेगळी होतील. ब्राउझरमध्ये फक्त सौम्य तपासणी. अर्जदार टाइप करत असताना रकान्यातला मजकूर कधीही बदलू नका, कर्सर उडी मारतो आणि जोडाक्षर अर्धवट राहतं. मराठी कळफलक अक्षर जुळवत असतो, तेवढ्यात तुमचा नियम मध्ये पडला तर "श्र" च्या जागी "श्" वर गाडी थांबते.

कोठार

माहितीसाठ्याच्या बाजूने भर घालतो, कारण डिझाइनमधली "कमाल ५० अक्षरं" ही ओळ आमच्याकडे येऊन घात करते.

"ज्ञानेश्वर" वाचताना चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडची चिन्हं मोजली तर दहा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे तीस बाइट. "ज्ञानेश्वर तुकाराम" झाले ५२ बाइट. ओरॅकल या माहितीसाठ्यात रकाना ५० बाइटचा ठेवला असेल तर आडनावापर्यंत पोचायच्या आतच जागा संपते. मग एक तर अर्ज न कळणारी चूक दाखवून अडतो, किंवा मधल्या एखाद्या प्रणालीत नाव शेपटीकडून कापलं जातं. बाइटऐवजी चिन्हांत मोजणारा प्रकार वापरा आणि पूर्ण नावाला २०० चिन्हं तरी ठेवा. जागा स्वस्त आहे.

एसक्यूएल सर्व्हर हा माहितीसाठा असेल तर रकाना एनव्हारकॅर, म्हणजे युनिकोड साठवणाऱ्या प्रकारचा. साधा व्हारकॅर ठेवला तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठते आणि मूळ नाव कायमचं जातं, परत मिळवता येत नाही.

डिझाइनरांना विनंती: आराखड्यात "कमाल लांबी" लिहिताना एकक लिहा. पडद्यावर दिसणारी अक्षरं, चिन्हं की बाइट. आणि "१२/५०" असा मोजणारा काउंटर मराठी रकान्याखाली लावू नका. एक जोडाक्षर लिहिलं की तो तीनने पुढे जातो आणि माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं.

काना_मात्रा

दिसण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

रकान्याची उंची ठरावीक पिक्सेलमध्ये बांधू नका, किमान उंची द्या. लॅटिन अक्षरांसाठी आखलेल्या चौकटीत "कीर्ती" चा रफार आणि वेलांटी वरून कापली जाते, "हृषीकेश" चा ऋकार खालून. अर्जदाराला वेलांटी दिसतच नाही, मग ती चुकलीय हे कळणार कसं? ओळीची उंची अक्षराच्या १.६ पट, अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान नाही, वर-खाली मोकळी जागा निदान १० पिक्सेल. १६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षर असेल तर आयफोनवर रकान्याला हात लावताच अख्खं पान मोठं होतं, तेही टळतं.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. तिरकं अक्षर नको, देवनागरीत ती सोय नाही आणि ब्राउझर नुसतं वाकवून दाखवतो. रकान्याच्या आत फिकट रंगात "उदा. सुनीता रमेश जाधव" असंही नको. लोक रकाना भरलेला समजून पुढे जातात. उदाहरण रकान्याच्या वर, गडद अक्षरांत.

पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी (एमआर) अशी सांगा, हिंदी नाही. ल आणि श यांची मराठी वळणं फाँटमध्ये असतील तर ती भाषा सांगितल्यावरच येतात. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, दोन्ही मोफत आहेत. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. बाहेरच्या सर्व्हरवरून ओढायला गेलात तर कार्यालयाच्या नेटवर्कवर तो अनेकदा बंद असतो आणि मग मशीनवर असेल तो जुना फाँट येतो.

सर्वांत महत्त्वाचं, "श्रीलिपी" किंवा "सुरेख" फाँटमध्ये टाइप केलेलं नाव लोक वर्डमधून उचलून चिकटवतात. तो युनिकोड नसतो, रकान्यात लॅटिन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा येतो. मराठी रकान्यात एकही देवनागरी चिन्ह नसेल तर सरळ सांगा: "हे नाव जुन्या फाँटमधलं दिसतंय. इथे थेट मराठीत टाइप करा." "अवैध इनपुट" म्हणून काहीच कळत नाही.

सेतूपलीकडे

आतापर्यंतची चर्चा अर्जदार स्वतः टाइप करतोय असं धरून चाललीय. प्रत्यक्षात असंख्य अर्ज आपले सरकार सेवा केंद्रात ऑपरेटर भरतो. अर्जदार काउंटरच्या पलीकडे उभा, पडदा ऑपरेटरकडे. शिरोरेघ यांचं शेवटचं पान अशा वेळी अर्जदार बघतच नाही.

उपाय: त्या पानावर "तपासणीसाठी छापा" हे बटण. अर्ध्या ए-४ कागदावर फक्त चार गोष्टी: मराठी नाव, इंग्रजी नाव, जन्मतारीख, गाव. नाव २४ पॉइंटमध्ये, कारण चष्मा घरी राहिलेला असतो. खाली "नाव बरोबर आहे" आणि सहीची जागा. ऑपरेटर कागद देतो, अर्जदार आधार कार्ड शेजारी धरून बघतो, वाचता न येणाऱ्यासोबत आलेला नातेवाईक बघतो. शुल्क भरायच्या आधी ही पायरी हवी. पैसे गेल्यावर दुरुस्ती सांगायला माणूस कचरतो, आणि ऑपरेटरही पुन्हा उघडायला नाखूश असतो.

ऑपरेटरसाठी दोन गोष्टी. एक, माउसशिवाय सगळे रकाने टॅबने ओलांडता आले पाहिजेत, आणि मराठी रकान्यातून इंग्रजीत जाताना कळफलक कोणता चालू आहे ते रकान्याजवळ दिसलं पाहिजे. दोन, मदतीत ऱ कसा टाइप करायचा ते लिहा. इनस्क्रिप्ट या कळफलकात र ज्या कळीवर आहे तीच शिफ्टसह दाबली की ऱ येतो. ते माहीत नसलं की "कऱ्हाडे" चं "कर्‌हाडे" होतं आणि तेच वर्षानुवर्षं चालतं.

ब्राउझरची आठवण मात्र या रकान्यांवर बंद करा. दिवसभर एकाच मशीनवर अर्ज भरले जातात. आधीच्या माणसाचं नाव सुचवलं गेलं, एंटर दाबलं गेलं, की या अर्जात त्याचे वडील बदलले. शिवाय दुसऱ्याची माहिती उघड होते ते वेगळंच.

भीमथडी

सेतूपलीकडे, छापील तपासणीचा मुद्दा घटकातच घाला, ऐच्छिक नको. एक शंका: कागद कोण भरणार? केंद्रचालक म्हणेल माझ्या खिशातून जातो.

सेतूपलीकडे

रास्त शंका. अर्ज सादर झाल्यावर पोचपावती छापावीच लागते. तिच्याच कोऱ्या अर्ध्या भागावर आधी तपासणी छापता येईल असा नमुना ठेवा. वरचा अर्धा तपासणीचा, खालचा पोचपावतीचा, तोच कागद दोनदा प्रिंटरमधून. जिथे हेही जमणार नाही तिथे पडदा वळवून दाखवण्यासाठी पूर्ण पडदाभर नाव दाखवणारं दृश्य, बाकी काही नाही.

श्राव्य

स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या बाजूने. शेवटचं तपासणीचं पान ही आपली मेहरबानी नाही. डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा ३.३.४ हा एए पातळीचा निकष कायदेशीर बांधिलकीच्या अर्जांत पाठवण्याआधी तपासून दुरुस्त करता यावं यासाठीच आहे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ आहे, आणि ३० एप्रिल २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डिजिटल सेवांची सुगम्यता संविधानाच्या अनुच्छेद २१ शी (जगण्याच्या हक्काशी) जोडली आहे. विभागाने "नंतर बघू" म्हटलं तर हे दाखवा.

करायचं काय: मराठी पानातल्या इंग्रजी नावाच्या रकान्याला वेगळी भाषा लावा (निकष ३.१.२), नाहीतर मराठी आवाज इंग्रजी नाव भलतंच उच्चारतो. तपासणीच्या पानावर नाव दोनदा द्या, एकदा सलग आणि एकदा अक्षरं सुटी करून वाचता येईल अशी सोय. पाटील आणि पाटिल ऐकायला सारखेच लागतात, म्हणून "ट ला दुसरी वेलांटी" असं ऐकू आलं तरच तपासणीला अर्थ आहे. चुकीचा संदेश रकान्याच्या नावासकट हवा: "आडनाव लिहा, किंवा 'आडनाव नाही' निवडा." नुसती लाल चौकट ऐकू येत नाही.

मांडवी

गोव्यातून एक मुद्दा, कारण हा घटक इथेही वापरता येईल. इथल्या अनेक कॅथलिक कुटुंबांची नावं मुळात रोमन लिपीत आहेत. देवनागरी रूप कार्यालयाने कधीतरी स्वतःच लिहिलेलं असतं: एका कागदावर फर्नांडिस, दुसऱ्यावर फेर्नांदिस. "आधार कार्डावर जसं आहे तसं लिहा" ही ओळ त्यांच्या देवनागरी नावाला लागूच पडत नाही. तेव्हा मूळ नाव कोणत्या लिपीत आहे ते नोंदवा. मूळ लिपीतलं नाव ते प्रमाण, दुसऱ्या लिपीतलं सोयीपुरतं. दोन्ही जुळत नाहीत म्हणून अर्ज परत पाठवायचा तर फक्त मूळ लिपीतल्या फरकावरून.

शिरोरेघ

मांडवी, हे घटकात जातंय. वसईच्या बाजूलाही उपयोगी पडेल.

आता चाचणीसाठी नावांचा संच. खऱ्या अर्जदारांची नावं चाचणीत वापरायची नाहीत, विभागाने दिली तरी नाही. हा संच कुणीही उचलावा: ज्ञानेश्वर (बाइट), कीर्ती आणि हृषीकेश (वर-खाली कापणं), विठ्ठल आणि श्रीकृष्ण (छपाईतली जोडाक्षरं), कऱ्हाडे दोन्ही तऱ्हांनी (साठवण), ॲलिस तिन्ही तऱ्हांनी, ओक (किमान लांबी), शेख सलीम शेख करीम (तुकडे), फक्त "सुरेखा" (आडनाव नाही), डि'सोझा (अपॉस्ट्रॉफी), आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेलं चार भागांच्या नावाचं एक बाळ. प्रत्येक नाव टाइप करून, चिकटवून आणि फोनच्या आवाजी टायपिंगने, तिन्ही प्रकारे घाला. मग दाखला छापेपर्यंत न्या. पडद्यावर बरोबर दिसलं म्हणून थांबू नका.

घटक इथे कसा राखायचा याबद्दल: ब्रिटनच्या गव्ह डॉट यूके डिझाइन सिस्टिममध्ये नवा घटक सुचवताना तो उपयोगी आहे आणि आधीच्याची पुनरावृत्ती नाही एवढं दाखवावं लागतं. प्रसिद्ध होण्याआधी तो वापरता येण्याजोगा, बाकीच्यांशी सुसंगत आणि वेगवेगळ्या सेवांत चालणारा आहे हे तपासलं जातं. चर्चाही सगळ्यांना दिसेल अशी उघड होते. तीच शिस्त घेऊ. प्रत्येक घटकाला आवृत्ती क्रमांक, कोणत्या प्रकारच्या सेवेत वापरला, कुठे अडला. सेवेचं नाव कंत्राटामुळे लिहिता येत नसेल तर "तालुका पातळीचा दाखला" एवढं पुरेल. पडद्याचे फोटो टाकू नका, कोरे आराखडे टाका.

तळटीप

संच चालवून पाहिला. पडद्यावर सगळं ठीक, पण दाखल्याच्या पीडीएफमध्ये "विठ्ठल" ची वेलांटी व च्या नंतर येते आणि ठ्ठ फुटतो. फाँट तोच आहे. आणि कार्यालयाला जाणारी यादी एक्सेलमध्ये उघडली की सगळी नावं अगम्य चिन्हं होतात.

अक्षरजुळणी

दोन वेगळी कारणं.

पीडीएफ: फाँटमध्ये अक्षरं असतात, पण कोणतं अक्षर कुठे सरकवायचं, काय जोडायचं हे शेपिंग इंजिन ठरवतं. ब्राउझरमध्ये ते असतं (क्रोममध्ये हार्फबझ). पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच जुन्या लायब्रऱ्यांत (तयार कोडच्या संचांत) नसतं, त्या चिन्हं साठवलेल्या क्रमाने नुसती मांडत जातात. वेलांटी साठवताना व्यंजनानंतर असते, म्हणून ती मागे पडलेली दिसते. फाँट बदलून हे सुटणार नाही. लायब्ररी बदला, किंवा दाखल्याचं एचटीएमएल पान तयार करून सर्व्हरवरच्या पडदा नसलेल्या क्रोमकडून पीडीएफ करून घ्या. नावाचं चित्र करून चिकटवण्याची पळवाट घेऊ नका. स्क्रीन रीडरला ते वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही.

एक्सेल: यादीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल) यूटीएफ-८ मध्ये असली तरी सुरुवातीला बीओएम हे तीन बाइटचं चिन्ह नसेल तर एक्सेल तिला जुन्या संकेतात उघडू शकतं. फाइल तयार करतानाच बीओएम घाला. कार्यालयात आधीच पडलेल्या फायली दोनदा टिचकी मारून उघडायच्या नाहीत, एक्सेलच्या "डेटा" टॅबमधून मजकूर फाइल म्हणून घ्यायच्या आणि संकेत ६५००१ (यूटीएफ-८) निवडायचा. बिघडलेली फाइल तशीच "सेव्ह" केली तर नावं गेली, म्हणून हे त्या टेबलावरच्या माणसाला आजच कळवा.

तळटीप

क्रोमकडून काढलेला पीडीएफ बरोबर आला, विठ्ठल आणि श्रीकृष्ण दोन्ही. कऱ्हाडे दोन्ही तऱ्हांनी सारखा छापला. फाइलबद्दल कार्यालयाला कळवलं. घटकाच्या ०.२ आवृत्तीत छपाईचा हा भाग लिहून टाकतो, सेतूपलीकडे यांनी अर्ध्या पानाचा नमुना जोडावा.